साडेनऊची मगरिब

सुट्टी संपवून शाळेत गेलो तेव्हा नववीच्या मुलांनी विचारलं, "सर, अमेरिकेत काय काय पाहिलं?" सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. न्यूयॉर्क पाहिलं नाही, नायगारा पाहिला नाही. म्हटलं, तळ्यात एवढ्याशा होडीत बसून माशीने मासे धरले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "माशीने मासा? सर, हे खरं आहे की लिंगविचाराचा धडा?" वर्ग हसला, मीही हसलो आणि फळ्याकडे वळलो. बाकीचं वर्गात सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे लिहितो.

माझा धाकटा भाऊ बारा वर्षांपासून मिनेसोटात आहे. मिनियापोलिसच्या एका कंपनीत संगणकावर काम करतो. आमचं गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठावर. अब्बा मच्छीमार. मोठे लाँचवाले वगैरे नव्हेत. एक होडी, दोन-तीन जाळी आणि एक पाग, एवढाच संसार. त्यावर माझं बी.एड. झालं आणि भावाचं इंजिनिअरिंग. जुलै २०२० मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. विमानं बंद होती. भावाच्या पासपोर्टवरचा विजाचा शिक्का संपलेला, आणि त्याच्या आधीच्या महिन्यात तिथल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या कामगारांचे विजे थांबवले होते. देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत घेतील की नाही, याची खात्री नव्हती. तो आला नाही. दफनाच्या वेळी व्हिडिओ कॉलवर होता, तोही ऐन मिट्टी देताना तुटला. पावसात आमच्याकडे नेटवर्क जातंच.

त्यानंतर चार वर्षं आम्ही समोरासमोर आलो नव्हतो. कधी विजा, कधी बाळंतपण, कधी नोकरी. फोन व्हायचे. अम्मीची औषधं, घरावरची कौलं, त्याच्या मुलीचे दात. फोन ठेवल्यावर मला हलकं वाटायचं, आणि हलकं वाटतंय याचं वाईटही वाटायचं. शेवटी अम्मीच म्हणाली, "तो येत नाय तर तू जा." तिकीट त्याने काढलं. बकरी ईद त्याच्याकडे करायची ठरली आणि शाळा उघडल्यानंतरचे दहा दिवस मी रजा वाढवून घेतली. मुख्याध्यापकांनी सही केली, पण तोंड वाकडं करूनच.

ईद होऊन पाच दिवस झाले. शुक्रवारी जुमा पढून आम्ही उत्तरेकडे निघालो. भाऊ, मी आणि भावाचा एक सोमाली दोस्त, जो शाळेची बस चालवतो. अमेरिकेतले सगळ्यात जास्त सोमाली लोक याच राज्यात आहेत. ईदच्या नमाजला माझ्या दोन्ही बाजूंना तेच होते. चार तासांचा रस्ता. गाड्यांच्या नंबरपाटीवर 'दहा हजार तळी' असं छापलेलं असतं. मला वाटलं, सरकारी अतिशयोक्ती असेल. उलट निघालं. दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत, म्हणजे पाटीवर कमी सांगितलंय. बर्फयुगातल्या हिमनद्या वितळताना मागे जे खळगे राहिले, त्यांत हे पाणी साठलं. लेक इटास्का हे मिसिसिपी नदीचं उगमस्थान. तिथून जवळच एका लहान तळ्यावर भावाच्या जुन्या शेजाऱ्याची लाकडी केबिन आहे. हा शेजारी पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचा, आता निवृत्त आहे. मी त्यांना मनातल्या मनात सुतारमास्तर म्हणायला लागलो. दोन मास्तर एकत्र आले की पहिली पाच मिनिटं कुठल्याही देशात सारखीच जातात. मुलं ऐकत नाहीत, पगार पुरत नाही, आमच्या वेळी असं नव्हतं.

माझा मासेमारीचा परवाना भावाने आधीच काढला होता. परदेशी माणसालाही लागतो, अगदी एक दिवस गरवायला बसला तरी. अंगात लाइफ जॅकेट. सूर्य बुडाल्यावर पाण्यात असलेल्या प्रत्येक होडीवर पांढरा दिवा हवा, हा तिथला कायदा. कायाक म्हणजे एकट्याने बसायची लांबट, अरुंद होडी. पाय समोर पसरायचे आणि दोन टोकांना पाती असलेलं वल्हं डावं-उजवं मारायचं. बूड जवळजवळ पाण्याच्या पातळीला. अब्बांच्या होडीत उभं राहूनच सगळं व्हायचं. इथे उभं राहिलात की पाण्यातच.

आणि आता ती माशी. गळाला आमिष लावायचं नाही. हरणाचे केस, कोंबडीची पिसं आणि रेशमी दोरा गळावर गुंडाळून किड्यासारखं काहीतरी बनवायचं. तीच माशी. तिला वजन नसतं. आता वजन नसलेली वस्तू वीस हात लांब फेकायची कशी? आपल्याकडे गरी टाकताना शिशाचा गोळा पुढे ओढून नेतो. इथे वजन दोरात असतं. दोर जाड, रंगीत, त्याच्या टोकाला बारीक तंगूस आणि तंगुसाला माशी. नऊ फुटी लवचिक काठीने तो दोर मागे उडवायचा, तो हवेत पाठीमागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे झटका द्यायचा. त्या थांबण्यात सगळी विद्या. लवकर हात चालवलात की चाबकासारखा फट आवाज होतो आणि माशी तुटून जाते.

सुतारमास्तरांनी विचारलं, याआधी काय फेकलंयस? बी.एड.ला आम्हाला शिकवलं होतं, 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे'. या माणसाला ते न शिकता येत होतं. मी म्हटलं, माझे वडील पाग टाकायचे. हातांनी दाखवलं. पागाची कड एका कोपरावर, एक कड दातांत, कमरेतून गिरकी, आणि हवेत जाळं ताटासारखं गोल उघडतं. ते खूश झाले. म्हणाले, मग तुला येईल.

मी त्यांना सांगितलं नाही की पाग टाकायला मी कधी शिकलोच नाही. अब्बांनी शिकवला नाही. दहावीत असताना मी एकदा गुपचूप पाग उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला. म्हणाले, "ह्याच्यात हात घातलास तर पुस्तकातून निघेल." धाकट्याला मात्र शिकवला होता. तो मागे लागायचा, रडायचा, म्हणून शिकवला असं अम्मी सांगते. मला वाटायचं, त्याचं पुस्तकाचं काही खरं नाही असं त्यांना वाटत असावं. तो अमेरिकेत गेला आणि मी गावाच्या शेजारच्या उर्दू हायस्कूलमध्ये लागलो. असो.

संध्याकाळचे आठ वाजले असतील, पण ऊन आपल्या चार-साडेचारसारखं तिरपं. चौघे चार कायाकमध्ये काठाकाठाने निघालो. एका ओढ्याच्या तोंडाशी पाण्यावर रिबिनीसारखी लांब हिरवी पानं आडवी पडली होती. सुतारमास्तरांनी हात करून सगळ्यांना लांबून वळवलं. ते जंगली तांदूळ. इथले मूळ रहिवासी ओजिब्वे लोक त्याला 'मनोमिन' म्हणतात. पावसाळा संपताना आपण भात कापतो, त्याच सुमारास ते डोंगीत बसून काठ्यांनी त्याच्या लोंब्या झोडपतात. जूनमध्ये रोप असं पाण्यावर लोळत असतं, तेव्हा त्याची मुळं सहज उपटून येतात, म्हणून त्यातून वल्हं मारायचं नाही. भातलावणीच्या दिवसांत लोकांच्या खाचरातून चालणाऱ्याला आमच्याकडे काय ऐकावं लागतं ते आठवलं आणि मी आणखी दोन हात लांबून गेलो. याच लोकांनी १८३७ च्या करारातला मासेमारीचा हक्क सांगत अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत धडक मारली आणि १९९९ मध्ये त्यातल्या एका जमातीच्या बाजूने निकाल लागला. एकशे बासष्ट वर्षं जुना कागद. आमच्याकडे सातबाऱ्यावरचं नाव बदलायला लागणारा वेळ पाहता हे मला फार जुनं वाटलं नाही.

उथळ पाण्यात वाळूवर परातीएवढे गोल खड्डे दिसत होते. एकाला लागून एक, वसाहतच. ती ब्लूगिल माशांची घरटी. नर शेपटीने वाळू झाडून खड्डा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि पिल्लं बाहेर पडून पोहू लागेपर्यंत नर तिथून हलत नाही. आपल्या तळहाताहून जरा मोठा मासा, छाती तांबूस नारिंगी. पाण्यावर काही टपकलं की धावून जातो, भुकेपेक्षा रागानेच जास्त.

माझी पहिली माशी माझ्याच टोपीत रुतली. दुसरी पाठीमागे पाण्यात पडली, कारण कायाकमध्ये बसलेला माणूस इतका खाली असतो की दोर मागे टेकतोच. तिसऱ्या वेळेला सोमाली दोस्त वल्हं मारत माझ्यापासून बराच दूर गेला. आठव्या-नवव्या फेकीला माशी कुठेतरी बरी पडली. पाण्याने 'चुप' असा आवाज केला आणि काठी वाकली. एवढासा मासा, पण ओढ अशी की कायाकचं तोंड फिरलं. बाहेर काढला. अब्बांच्या भाषेत 'बरा' मासा. आईशप्पथ, मला इतका आनंद झाला की मी पहिल्यांदा भावाकडे वळून पाहिलं, लहानपणी पाहायचो तसं.

"सोड त्याला," सुतारमास्तर म्हणाले. "लवकर. घरट्यावरचा आहे."

आजूबाजूला लहान मासे टपून बसलेले असतात. नर दोन-चार मिनिटं बाजूला गेला तरी अंडी फस्त. मोठे नर असेच काढून नेले की तळ्यात उरलेले कोवळ्या वयातच घरटी करायला लागतात आणि मग वाढतच नाहीत, खुरटे राहतात. म्हणून तिथल्या काही तळ्यांवर दिवसाला पाचच ब्लूगिल न्यायचे अशी मर्यादा घातली आहे. गळाच्या टोकाजवळची उलटी कुसळ सुतारमास्तरांनी आधीच पक्कडीने दाबून सपाट केली होती, त्यामुळे मासा हलक्या हाताने सुटला. मी सोडला. तो सरळ आपल्या खड्ड्यावर जाऊन उभा राहिला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं.

खरं सांगतो, मला ते आवडलं नाही. पोटासाठी धरायचं नाही तर धरायचं कशाला? जिवंत प्राण्याला नेमबाजीचं लक्ष्य करू नका अशी हदीस आम्ही लहानपणी मदरशात पाठ केली होती. आमच्या घरात मासा म्हणजे वह्या, फी, तेल. मोठा विकायचा आणि लहान घरात शिजवायचा. आणि इथे तोंडाला भोक पाडून, खेळवून, 'जा बाबा' म्हणायचं. मी भावाला हे मराठीत म्हणालो. तो म्हणाला, "आपण चार-पाच नेऊ रे, मधले. खायला." मग थोड्या वेळाने, "अंडी असलेली कुर्ली अब्बा पण परत टाकायचे." टाकायचे, हे खरं. अम्मी कुरकुरायची, तर म्हणायचे, "तिचा हिशेब वेगळा." पण त्यांनी तिला आधी गंमत म्हणून जाळ्यात घेतलेलं नसायचं. माझं तेव्हाचं मत अजूनही बदललेलं नाही. मात्र त्या संध्याकाळी मी काठी खाली ठेवली नाही, हेही लिहायला हवं.

मध्येच तळ्याच्या पलीकडून एक आवाज आला. कुणीतरी वेडावून हसावं तसा, आणि त्याच्या शेवटी रडवेला. लून पक्षी. काळा-पांढरा, ठिपक्यांचा, पाठीवर पिल्लाला बसवून चाललेला. हा या राज्याचा मानाचा पक्षी. बुडी मारायला सोपं जावं म्हणून त्याची हाडं इतर पक्ष्यांसारखी पोकळ नसून भरीव असतात. तळातली खडी गिळताना मच्छीमारांची पडलेली शिशाची वजनं तो गिळतो आणि विषबाधेने मरतो. म्हणून सुतारमास्तरांच्या पेटीत शिसं नावालाही नव्हतं. मला आमच्या पडवीतली चूल आठवली. अब्बा जुनं शिसं लोखंडी पळीत वितळवून पागासाठी मणी ओतायचे आणि आम्ही दोघं तो रुपेरी रस थरथरताना पाहायला नाकं पुढे करून बसायचो. अम्मी आम्हाला मागे ओढायची. शिशाच्या धुराने काय होतं हे तेव्हा तिलाही माहीत नव्हतं, तिला फक्त भाजण्याची भीती. मी भावाकडे पाहिलं. तोही लूनकडे पाहत नव्हता, स्वतःच्या हातातल्या दोराकडे पाहत होता.

सूर्य बुडाला तेव्हा सव्वानऊ वाजून गेले होते. समोरच्या काठावर वाळूचा छोटा पट्टा होता, तिथे कायाक ओढून लावल्या. तळ्याच्या पाण्याने वजू केलं. जून महिना, तरी बोटं बधिर झाली. भाऊ म्हणाला, इशाची वेळ अकरा वाजून पंचवीस मिनिटांनी, तीही सूर्य क्षितिजाखाली १५ अंश गेला की इशा, हे गणित धरलं तर. १८ अंशांचं गणित धरलं तर मध्यरात्र उलटून जाते, आणि जूनमध्ये त्याहून उत्तरेला गेलात तर तो तेवढा खाली जातच नाही. आम्ही कोकणी शाफई, त्यात मुसाफिर. मगरिब आणि इशा एकत्र पढायची सवलत घेतली. सोमाली लोकही शाफईच, त्यामुळे चर्चा झाली नाही. चर्चा झाली ती किबल्यावर. आयुष्यभर मी पश्चिमेकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस. तिथे किबला ईशान्येला. पृथ्वी गोल आहे हे मी मुलांना सांगत आलोय, पण पायांना ते त्या वाळूवर पहिल्यांदा कळलं. डाव्या हाताला वायव्येचं आकाश अजून तांबडं, समोर काळे पाइन वृक्ष, आणि कानाशी डास. त्या डासांबद्दल कुणी आधी का सांगितलं नव्हतं, कळत नाही. सजद्यात कपाळावर चार तरी बसले.

सुतारमास्तर लांब पाण्यावर दिवा लावून थांबले होते. इमामत मी केली. मोठा म्हणून. सलाम फिरवल्यावर भाऊ बराच वेळ दुआ मागत बसला. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. अब्बांसारखे हात. बोटं आखूड, अंगठे रुंद.

पुन्हा पाण्यात उतरलो तेव्हा तळं बदललं होतं. पाण्यातून काहीतरी वर येत होतं. पिवळसर, बोटाच्या दोन पेरांएवढे किडे, पंख ताठ उभे, कागदी होड्यांसारखे तरंगणारे. हे हेक्स, मेफ्लायमधले मोठे. एखाद-दोन वर्षं तळातल्या चिखलात बीळ करून राहतात आणि जूनच्या शेवटी एका संध्याकाळी हजारोंनी वर येतात. वर आल्यावर एक-दोन दिवसांचं आयुष्य. खायला त्यांना चालणारं तोंडच नसतं. आणि तळ्यातला एकूण एक मासा त्यांच्यासाठी पृष्ठभागाशी येतो. अंधारात चहूबाजूंनी चुप, चुप, चुप. सुतारमास्तर हळू आवाजात मोजत होते की देवाचं नाव घेत होते, ऐकू येत नव्हतं. सोमाली दोस्त खदाखदा हसत होता. त्याने त्या रात्री सर्वात जास्त मासे धरले आणि एकही खाणार नव्हता. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सगळ्यात लांब किनारा त्याच्या देशाला, पण तो उंटवाल्यांच्या घरातला. मासे खाणं त्याच्या आजीला हलकेपणाचं वाटायचं. "गरवतोस कशाला मग?" मी विचारलं. म्हणाला, "दिवसभर मागे साठ पोरं ओरडत असतात. इथे कुणी ओरडत नाही."

भाऊ आणि मी एका खाचेत आलो. दोघांच्या कायाक एकमेकींना समांतर, मध्ये दोन वल्ह्यांचं अंतर. दिव्याभोवती किडे इतके जमले की त्याने स्वतःचा दिवा हाताने झाकून घेतला. कायाकमध्ये माणसं एकमेकांकडे तोंड करून बसत नाहीत. दोघंही पुढे पाहतात. आवाज तेवढा पाण्यावरून येतो, अगदी कानाजवळ बोलल्यासारखा. चार दिवस त्याच्या घरात, सोफ्यावर, जेवणाच्या टेबलाशी, मशिदीच्या आवारात मला जे जमलं नव्हतं, ते तिथे तोंडातून निघून गेलं.

"त्या दिवशी नेटवर्क गेलं नव्हतं."

तो काही बोलला नाही. दोर गुंडाळण्याचा आवाज थांबला.

"मी कट केला."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"अंगठा दिसला तुझा. भाच्याच्या हातातून तू फोन घेतलास. आधी कबर दिसत होती, मग छत्री, मग अंगठा. माती लागलेला."

चार वर्षं त्याला माहीत होतं. औषधांबद्दल, कौलांबद्दल बोलताना माहीत होतं. मला वाटलं होतं की मी काहीतरी लपवून बसलोय, आणि तो त्या लपवण्याकडेच पाहत बसला होता. "मग बोलला का नाहीस?" असं मी उलट विचारलं. चूक माझी आणि आवाज मोठ्या भावाचा. तो म्हणाला, "तू सांगशील असं वाटायचं. मग वाटायचं, नको सांगू."

का कट केला, ते मी सांगितलं. पहिल्यांदाच, कुणालाही. बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. शेवटचे दोन दिवस अब्बा घरीच होते. मी उशाशी होतो. चमच्याने पाणी मी पाजत होतो, कूस मी बदलत होतो. आणि डोळे उघडले की ते एकच विचारायचे, "धाकला खंय?" माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही. मी समोर होतो म्हणून घेतलं नसेल, हे आता कळतं. समोरच्या माणसाला कोण हाक मारतं? तेव्हा कळलं नाही. वीसच माणसांची परवानगी, वरून धो धो पाऊस, जांभ्यात खणलेल्या कबरीत पाणी साचत होतं आणि आम्ही बादलीने उपसत होतो. आणि तो फोनमधून हुंदके देत म्हणत होता, "भाई, जरा जवळ धर, मला दिसत नाही." माझ्या मनात आलं, तुला दोन दिवस बोलावत होते, तेव्हा नव्हतास, आता दिसून काय करायचंय. आणि अंगठा गेला.

तो कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाला, "थांब. अब्बा माझं नाव घेत होते?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय काय दाबून ठेवलं होतं. फोन कट केला ही लहान गोष्ट होती. हे मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

"नीट सांग. काय म्हणायचे? कसं म्हणायचे?"

मी सांगितलं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. आवाज कसा होता, दिवसा की रात्री, आणखी काही म्हणाले का. मी आठवून आठवून सांगत गेलो. एकदा म्हणाले होते, होडी वर ओढली का, तो एकटा ओढेल, त्याला नको ओढू देऊ. ते कुठल्या सालातलं बोलत होते, अल्लाह जाणे. तो लहान असतानाचंच असणार. हेही सांगितलं. त्याची काठी मांडीवर आडवी होती आणि माशी पाण्यात तशीच पडलेली. तिला कुठल्यातरी माशाने धरलं, कारण रीळ एकदम करकरत फिरायला लागलं. त्याने हात लावला नाही. दोर सरसर गेला, काठी कायाकच्या कडेला आपटली, आणि मग सैल पडली. कुसळ नसलेला गळ, सुटला असणार.

पाइनच्या मागून चांद वर आला होता, पंधरा जिलहजचा. तिथे उन्हाळ्यातला पुनवेचा चांद फार वर चढत नाही, झाडांच्या शेंड्यांवरूनच सरकत जातो. सुतारमास्तरांनी दिवा तीनदा हलवला. चला.

परत येताना आम्ही बोललो नाही. पण धक्क्याशी उतरताना माझा पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत पाण्यात गेलो. भावाने दंडाला धरून वर ओढलं आणि हसला. मोठ्याने, खोटं नव्हे. मी त्याला शिवी दिली, कोकणीत. सोमाली दोस्ताने अर्थ विचारला, तर दोघांनीही सांगितला नाही.

पाच मासे आणले होते, तेही मधले, घरट्यांपासून दूर खोल पाण्यात धरलेले. केबिनच्या स्वयंपाकघरात रात्री बारा वाजता मी ते साफ केले. खवले काढताना सुतारमास्तर बाजूला उभे राहून सुरी कशी धरलीय ते पाहत होते. पाग येत नसला तरी मासा कापायला मला येतो, ते अम्मीने शिकवलं. मिनियापोलिसहून निघताना आमसुलं आणि घरचा मसाला पिशवीत टाकला होता. तिकलं ठेवलं. गोड्या पाण्यातला मासा, त्याला खाडीच्या माशाची चव कुठून येणार? आमच्या पालूपुढे, तांबोशीपुढे तो पाणचटच. सुतारमास्तर मात्र तिखटाने लाल होऊन दोनदा वाढून घेणार होते, ते नंतर.

मासे शिजत होते तेव्हा भावाने अम्मीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळचे साडेदहा-अकरा. अम्मी पडवीत बसली होती, मागे पाऊस. फोन भावाच्या हातात होता. त्याने तो माझ्याकडे दिला आणि स्वतः माझ्या खांद्याशी वाकून उभा राहिला.

"एवढेच मासे?" अम्मी म्हणाली. "त्याच्यासाठी रात्र जागलास?"

"बाकीचे सोडले."

"सोडलेत?" तिने थोडा विचार केला. मग पातेल्याकडे पाहत म्हणाली, "आमसुलं किती घातलीस?"

"चार."

"कमी. अजून दोन घाल."

भाऊ उठून पिशवी शोधायला लागला. मी फोन तसाच धरून ठेवला.